रोल पुढे सरकवायचा राहिला

१९९६ सालची गोष्ट. आमच्या बेळगावात हौशी छायाचित्रकारांचे एक लहानसे प्रदर्शन भरले होते. वाचनालयाच्या माडीवरची खोली, सुतळीला चिमट्यांनी लावलेली चित्रे, दाराशी चहाची किटली आणि अभिप्रायाची वही, असा सगळा घरगुती कारभार. त्यात माझेही एक चित्र होते. एका वृद्धेचा चेहरा. कपाळ, भुवयांमधले गोंदण आणि दोन डोळे स्पष्ट. नाकाच्या खाली मात्र चेहरा उजळत उजळत जाऊन पांढऱ्याफेक उन्हात विरून गेलेला. गालावरून एक दोर खाली उतरतो, आणि चेहऱ्याच्या मागे म्हणावी की आत म्हणावी, एका दाराची काळी चौकट दिसते. चित्राखाली मी बोरूने शीर्षक लिहिले होते : 'मूक'.

उद्घाटनाला बाहेरगावाहून एक जाणकार गृहस्थ आले होते. बाकीच्या चित्रांपाशी ते मिनिटभर थांबले असतील, माझ्या चित्रापाशी दहा मिनिटे बोलले. या स्त्रीला पाहता येते पण बोलता येत नाही, तिचे ओठ तिच्याच घराच्या उंबऱ्याने गिळले आहेत, गालावरचे दावे तिला कोणत्या खुंट्याला बांधते ते सांगायला नको, असे बरेच काही. बोलले ते मनापासून बोलले, आणि चांगले बोलले. शेवटी माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारले की दोन चित्रांची ही सांगड घालायला किती रोल खर्ची पडले? मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरी हकीकत अशी की एकही रोल खर्ची पडला नव्हता. रोल पुढे सरकवायचा राहिला होता, एवढेच. आणि ती वृद्धा माझी आई होती.

हे आज लिहायचे कारण निव्वळ कबुलीजबाब नव्हे. गेली काही वर्षे जुन्या कॅमेऱ्यांचा छंद पुन्हा उगवला आहे. माझ्याकडे दोन-तीन तरुण मुले येतात, त्यांच्या पिशवीत आजोबांचे कॅमेरे असतात, आणि त्यांनी काढलेल्या चित्रांवर मत द्यायची वेळ माझ्यावर येते. प्रकाश आत शिरून बिघडलेले, हललेले, एकावर एक चढलेले चित्र समोर आले की त्याला चांगले कशाच्या आधारे म्हणायचे? बिघाड हा त्या चित्राचा गुण कधी होतो, आणि ते श्रेय कोणाचे? माझ्यापुरता हा प्रश्न त्या माडीवर सुरू झाला. म्हणून तिथूनच आरंभ करतो.

कॅमेरा होता आग्फा क्लिक थ्री. माझ्या वयाच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. काळा, वजनाला हलका, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा हा डबा एके काळी मध्यमवर्गीय घरांत लग्नमुंजीला आणि सहलीला हमखास निघायचा. साधे भिंग, शटरला एकच वेग, उजेडासाठी ढगाची आणि सूर्याची खूण. १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी चित्रे. पाठीमागे एक तांबडी काच असते, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा पाहत पाहत चावी फिरवायची. चावी फिरवली नाही तर? काही नाही. शटर दाबले जाते आणि पहिल्याच चित्रावर दुसरे चित्र उमटते. महागड्या कॅमेऱ्यांत ही चूक होऊ नये अशी कळ असते. क्लिक थ्री बिचारा काहीच बोलत नाही.

१९८७ च्या कार्तिकात मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. सकाळी सोप्यावर आई बसली होती. तिचा फोटो काढला. मग गोठ्याकडे वळलो आणि दाराचा काढला. कौलारू गोठा, आत काळोख, दाराच्या कडीला अडकवलेले दावे, खाली चुन्याने पोतारलेले जोते, त्यावर लख्ख ऊन. या दोन फोटोंच्या मध्ये चावी फिरवायची राहिली. रोल ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, 'इंदू'. त्या काळी रोल जपून वापरायचा असे, त्यामुळे बारावे चित्र शिमग्यात निघाले आणि रोल धुतला तो त्यानंतर. पौषात आई गेली होती.

एकावर एक दोन चित्रे पडली म्हणजे काय होते, ते इथे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या चर्चेचे मूळ त्यात आहे. फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराला काळोख ठाऊक नसतो, उजेडच ठाऊक असतो. दुसऱ्या चित्रात जिथे काळोख आहे तिथे पहिले चित्र जसेच्या तसे राहते. जिथे लख्ख उजेड आहे तिथे पहिले पुसले जाते. आईचे कपाळ आणि डोळे गोठ्याच्या काळोखात सापडले म्हणून वाचले. ओठ आणि हनुवटी चुन्याच्या जोत्यावर आली म्हणून गेली. दावे फिक्या रंगाचे, म्हणून ते गालावर उमटले. यात विचार कोणाचाच नाही. ऊन कुठे होते आणि मी कुठे उभा होतो, एवढ्यावर ते ठरले.

मग त्या गृहस्थांनी जे पाहिले ते चुकीचे होते काय? तसे म्हणणे मला जड जाते. चित्रात ते होतेच. मराठीत मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीची घडण तपासायला शिकवले. त्या कसोटीवर माझे चित्र उत्तम उतरते. डोळ्यांच्या काळ्या वर्तुळांचा दाराच्या काळोखाशी संवाद आहे, कपाळाच्या सुरकुत्यांचा चौकटीच्या सरळ रेघेशी विरोध आहे, आणि खालच्या पांढऱ्या रिकामपणाने वरचा भार तोललेला आहे. घडणीची समीक्षा इथे हटकू शकत नाही. कर्त्याच्या मनात काय होते ते विचारू नका, कृतीत काय आहे ते पाहा, हेही आपण मान्य केलेले आहे, आणि कवितेच्या बाबतीत ते मला पटतेही.

परंतु छायाचित्राची गोष्ट थोडी निराळी आहे. चित्रकाराने ओठ नसलेली स्त्री रंगवली तर त्या स्त्रीला कधी ओठ नव्हतेच. कॅनव्हासच्या बाहेर ती कुठे बसलेली नसते. माझी आई बसलेली होती. कॅमेऱ्याने ओठ टिपले होते, नंतर उन्हाने ते खाल्ले. छायाचित्राच्या पाठीशी असा एक पुरावा उभा असतो आणि तो समीक्षकाला दिसत नसला तरी छायाचित्रकाराला दिसतो. म्हणून छायाचित्रकाराच्या वाट्याला एक जबाबदारी येते जी कवीच्या वाट्याला येत नाही.

बिघाडाचे काय करायचे, हा प्रश्न या कलेत जुना आहे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉनचे उदाहरण घ्या. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेली ही बाई वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत छायाचित्रणाच्या वाटेला गेलेली नव्हती. १८६३ च्या नाताळात लेकीने आणि जावयाने करमणूक म्हणून कॅमेरा दिला. इंग्लंडातल्या वाइट बेटावर राहत असताना तिने कोळशाच्या खोलीची अंधारी खोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून स्टुडिओ केला. त्या काळचे तंत्र ओल्या काचेचे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत धुवायची. कॅमेरॉनच्या काचांवर ओघळ आहेत, चरे आहेत, बोटांचे ठसे आहेत. चेहरे धूसर आहेत. तत्कालीन छायाचित्रण मंडळींनी तिला गबाळी ठरवले. तिचे स्वतःचे म्हणणे तिच्या आत्मकथनात आहे, त्याचा आशय असा : भिंग सरकवताना जिथे प्रतिमा आपल्याला सुंदर वाटली तिथे आपण थांबलो, इतर लोक थांबत नाहीत, पुढे रेखीवपणापर्यंत जातात.

मला हे थांबणे महत्त्वाचे वाटते. धूसरपणा पहिल्यांदा तिच्या हातून चुकून आला असेल. पण दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, शंभराव्यांदा ती जाणून थांबली. १८६४ च्या जानेवारीत ॲनी नावाच्या एका मुलीचे चित्र तिला साधले, तेव्हा त्याखाली तिने आपल्या हाताने लिहून ठेवले की हे माझे पहिले यश. आधीच्या काचा तिने यश मानल्या नाहीत. काय साधले आणि काय फसले, हे तिचे तिला ठाऊक होते. बोटाचे ठसे मात्र तिने कमावले होते असे मला वाटत नाही. ते राहिले, तिने चालवून घेतले. आजचे काही रसिक त्या ठशांचेही कौतुक करतात, ते मला थोडे भाबडे वाटते.

फ्रान्समधल्या लार्तीगची कथा याहून गमतीची. १८९४ चा जन्म, श्रीमंताघरचा पोर, लहानपणापासून हातात कॅमेरा. पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी मोटारींच्या शर्यतीत त्याने धावत्या गाडीचा एक फोटो घेतला. गाडीबरोबर कॅमेराही फिरवला. त्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे फिल्मच्या पुढ्यातून सरकणारी एक फट. सगळे चित्र एका क्षणी टिपले जात नाही, पट्ट्यापट्ट्यांनी टिपले जाते. परिणाम असा की गाडीचे चाक लांबट होऊन पुढे कलले, आणि कडेचे प्रेक्षक नि खांब मागे कलले. शिवाय गाडीचे नाकच चौकटीबाहेर गेले. हा फोटो त्याला आरंभी फसलेला वाटला होता असे सांगतात. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचे प्रदर्शन झाले, तेव्हा लार्तीग सत्तरीला टेकला होता आणि हा फसलेला फोटो वेगाचे प्रतीक होऊन बसला होता. मधल्या पन्नास वर्षांत फोटो बदलला नाही, पाहणारे बदलले. पण मग श्रेय कोणाचे? मी म्हणेन, ज्याने तो फेकून दिला नाही त्याचे. पोरवयात नावडलेली वस्तू जपून ठेवणे आणि म्हातारपणी तिच्याकडे नव्या डोळ्यांनी पाहू शकणे, हीही एक कर्तबगारी आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मी आपल्या दादासाहेब फाळक्यांना ठेवीन. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या या माणसाने १९१२ साली, कथाचित्राला हात घालण्यापूर्वी, कुंडीत वाटाणा पेरला आणि सुमारे महिनाभर त्याच्यासमोर कॅमेरा मांडून थोडे थोडे चित्रण करीत राहिला. पडद्यावर मातीतून अंकुर वर आला आणि बघता बघता वेल झाला. 'अंकुराची वाढ' हा मला आपल्याकडचा पहिला खरा छायाचित्रणातला प्रयोग वाटतो. इथे रोज एक पाऊल पुढे सरकायचे आणि थांबायचे, यावर सगळी मदार होती. प्रयोगाला आधी प्रश्न असावा लागतो. फाळक्यांचा प्रश्न होता, डोळ्याला जे संथपणामुळे दिसत नाही ते यंत्राला दाखवता येईल काय? माझ्या गोठ्यासमोर माझा काय प्रश्न होता? भाकरी झाली का, हाच असावा.

आता थोडे आजच्या हौसेविषयी. बिघाडाची बाकायदा फॅशन झाली ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. १९८० च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगमध्ये होल्गा नावाचा प्लॅस्टिकचा स्वस्त कॅमेरा निघाला. त्याच दशकात लेनिनग्राडमध्ये लोमो निघाला. दोन्ही सामान्य गिऱ्हाइकासाठी होते. चित्राचे कोपरे काळवंडणे, रंग भडकणे, फटीतून उजेड आत शिरणे हे त्यांचे दोष. १९९१ साली व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना प्रागमध्ये लोमो सापडला आणि दोषांची चळवळ झाली. २०१० नंतर तर मोबाइलमध्येच असे कळफलक आले की स्वच्छ फोटोवर बोट टेकवले की तो चाळीस वर्षे ट्रंकेत पडल्यासारखा दिसू लागतो.

या शेवटच्या प्रकाराशी माझे भांडण आहे. जुन्या काळचा म्हणून आपण जो पिवळेपणा त्या चित्रांवर चढवतो तो जुन्या काळाचा नव्हेच. तो नंतरच्या हेळसांडीचा आहे. राजा दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. तिथेच १८७० च्या दशकात हौसेने त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादेत सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या चित्रांतली दगडी जाळी मोजून घ्यावी इतकी रेखीव आहे. त्या काळी कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे, तो वर्षानुवर्षांत पिवळा पडतो. हायपो नीट धुऊन काढला नाही तर कागद डागाळतो. दीनदयाळांना यातले काहीही नको होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने स्वतःच्या हाताने चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला, तो १९२० साली लागला. लेथवर घासून घासून दात्रे बसवणाऱ्या त्या माणसांचा सगळा आटापिटा चित्र थरथरू नये यासाठी होता. त्यांच्या नावाने आपण थरथर विकायला काढावी, हे बरे नव्हे.

अर्थात मी काही सोवळा नाही. निवृत्तीनंतर मीही नाना उद्योग केले. कॉफीने रोल धुता येतो हे ऐकून एकदा स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड. आमच्याकडची नेहमीची चिकोरीमिश्रित कॉफी घेतली आणि निगेटिव्ह आली ती पाण्यासारखी फिकी. मग चिकोरीविना झटपट कॉफी आणली, मे महिन्यातले पाणी बर्फाने वीस अंशांवर आणले, पंधरा मिनिटे डबा हलवला आणि चक्क चित्र आले. घरभर असा वास सुटला की सौभाग्यवतींनी दोन दिवस कॉफी घेतली नाही. एका जुन्या घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला भोके होती; अंधारात आत विजेरी लावून ती शोधली आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून बुजवली. भिंगांना पावसाळ्यात बुरशी येते. बेळगावच्या हवेत हा जन्माचा रोग आहे, त्यावर कोरड्या डब्याखेरीज उपाय नाही.

एकदा पत्र्याच्या डब्याला शिवणाच्या सुईने भोक पाडले, आत फोटोचा कागद घातला आणि तो डबा २२ डिसेंबरला गच्चीच्या कठड्याला तारेने बांधला. सहा महिने तो तसाच ठेवायचा, म्हणजे सूर्याची रोजची वाट एकेका रेघेने कागदावर उमटते. दिवस वाढतील तशी रेघ वर चढते, ढगाळ दिवशी तुटते. २१ जूनपर्यंत धीर धरायचा होता. मे महिन्यात वळीव आला आणि डब्यात पाणी शिरले. उघडला तेव्हा वरच्या भागात सूर्याच्या सुरेख कमानी होत्या आणि खालचा कागद फुगून त्याची दलदल झाली होती. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकाला हे चित्र फार आवडले. मी त्याला म्हटले, "अरे, हे मी नाही, वळवाने काढलेय." तो म्हणाला, "मग फेकून का नाही दिलं, काका?" मला उत्तर सुचले नाही. चित्र अजून माझ्याकडे आहे.

याच मुलाचे एक काम मात्र मला फार मोलाचे वाटते. त्याने माझाच क्लिक थ्री नेला आणि शहापूर-वडगावच्या विणकरांचे फोटो काढले. भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा धरून आधी हात टिपायचे, मग रोल न सरकवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला धरून मागावरचा ताणा टिपायचा. पहिल्या रोलवर मधे एक काळी खाच आली. तिसऱ्या रोलवर हात दोनदा उमटले. वहीत तो सगळे टिपून ठेवतो : पुठ्ठा किती अंतरावर, ऊन कोणत्या खिडकीतून. अकरा रोल गेल्यावर चार चित्रे त्याला मनासारखी मिळाली. त्यांत म्हाताऱ्या विणकराची बोटे जिथे संपतात तिथेच सूत सुरू होते, आणि कुठे संपले नि कुठे सुरू झाले ते सांगता येत नाही. ही चारही चित्रे त्याने त्या विणकराला नेऊन दाखवली. त्याने त्यांतले एक बाजूला काढायला लावले, त्यात आपला अंगठा नाही म्हणून. मुलाने ते काढले. माझ्या मते तोच त्या मालिकेतला सर्वांत चांगला निर्णय होता, जरी काढलेले चित्र दिसायला सरस होते.

इथे मला मोराव्हियातल्या मिरोस्लाव्ह तीखीची आठवण होते. हा माणूस १९२६ ते २०११ असा जगला. पुठ्ठा, पत्र्याचे डबे, दोऱ्याची रिळे यांतून तो स्वतः कॅमेरे करी. प्लॅस्टिकच्या काचेचे भिंग कापून दंतमंजन आणि राखेने घासून गुळगुळीत करी. त्या कॅमेऱ्यांनी त्याने आपल्या गावातल्या स्त्रियांची हजारो चित्रे घेतली, बहुतेक त्यांच्या नकळत. चित्रे अस्पष्ट, डागाळलेली, कडा कुरतडलेली. २००४ नंतर युरोपातल्या मोठ्या प्रदर्शनांतून ती झळकली. त्यांत एक विलक्षण हुरहूर आहे, हे मी नाकारीत नाही. कॅमेरा तयार करण्याच्या त्याच्या कल्पकतेपुढे तर हात जोडावेत. पण जी समीक्षा त्या डागांच्या काव्यात रमते, ती चौकटीतल्या बाईला काही विचारत नाही. धूसरपणामुळे चोरून पाहणे स्वप्नासारखे वाटू लागते. तोच फोटो स्वच्छ असता तर आपण काय म्हटले असते?

तीखीला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण माझ्या चित्रातल्या बाईलाही कोणी काही विचारले नव्हते. आणि आतापर्यंत मी एक गोष्ट सांगितलेली नाही. प्रदर्शनात टांगले ते चित्र म्हणजे पूर्ण निगेटिव्ह नव्हे. पूर्ण निगेटिव्हमध्ये आई कमरेपासून वर दिसते, आणि तिचा उजवा हात उचललेला आहे, बोटे पसरलेली. ती मला थांबवीत होती. "पुरे कर की आता, तव्यावर भाकरी करपायला लागलीय," असे काहीसे म्हणत होती आणि हसत होती. एनलार्जरखाली मी चौकट आवळत नेली, कारण त्या हातामुळे चित्राचा गंभीरपणा जात होता. हात कापल्यावर उरली ती मुकी बाई. मग मी तिला नाव दिले.

म्हणजे रोल सरकवायचा राहिला ती चूक माझी नव्हती असे मी हवे तर म्हणेन, विसरभोळेपणाला कोण काय करणार. पण कात्री माझी होती आणि बोरूही माझा होता. त्या गृहस्थांनी जे वाचले ते मीच लिहून ठेवले होते. आयुष्यभर घर बोलून भरून टाकणाऱ्या बाईला मी मूक केले, तेही खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईकडून शहरातल्या प्रेक्षकाची काय अपेक्षा असते ते ओळखून. उन्हाने फक्त ओठ नेले होते.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाची आई १९७७ साली वारली. त्यानंतर त्याने छायाचित्रणावर एक छोटे पुस्तक लिहिले, 'कॅमेरा ल्युसिडा', ते १९८० साली निघाले आणि त्याच वर्षी तोही गेला. आईचे फोटो चाळताना त्याला एकात ती सापडली : पाच वर्षांची, काचेच्या बागघरात भावाशेजारी उभी. पुस्तकात इतर पुष्कळ छायाचित्रे छापली आहेत, त्यांवर तो तपशिलाने लिहितो. ज्या एका छायाचित्राभोवती सगळे पुस्तक फिरते ते मात्र छापलेले नाही. वाचकाला ते एक साधे जुने छायाचित्र वाटेल, त्यातली जखम त्याला दिसणार नाही, असे त्याचे कारण आहे. हे पुस्तक माझ्या हाती फार उशिरा पडले. १९९६ पूर्वी पडते तर मी ते चित्र टांगले नसते, असे म्हणायला मला आवडेल. पण खात्री नाही. त्या दिवशी कौतुक फार गोड लागले होते.

आमच्या जुन्या घरात भिंतीवर आईचा जो फोटो आहे तो एका स्टुडिओत काढलेल्या तिकिटाएवढ्या फोटोवरून वाढवलेला. त्यात तोंड मिटलेले आहे आणि नजर कुठेतरी भलतीकडे. थोरल्या आक्काला मी ते प्रदर्शनातले चित्र कधी दाखवले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात ती चार दिवस राहायला आली असताना कपाट आवरायला काढले आणि पूर्ण निगेटिव्हचा कॉन्टॅक्ट तिच्या हाती लागला, सहा सेंटिमीटरचा चौकोन. तिने चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, "बोलतेय बघ. हात बघ की तिचा." गोठ्याचे दार, गालावरचे दावे, नाहीसे झालेले ओठ, यांतले काही तिने विचारले नाही. "मला एक मोठा करून दे," एवढे म्हणाली.

एनलार्जरचा दिवा गेलेला आहे आणि तसा दिवा आता सहजी मिळत नाही. तो मिळाला की चौकट न आवळता एक प्रत काढायची आहे. पाठीमागे पेन्सिलीने लिहायचा मजकूर ठरला आहे : आग्फा क्लिक थ्री, इंदू रोल, चित्र सातवे, कार्तिक १९८७, रोल पुढे सरकवायचा राहिला. पुढच्या बाजूला काही लिहिणार नाही.